मुंग्यांच्या पुढचं लग्न

कर्जत आणि श्रीगोंदा या दोन तालुक्यांत दहा-बारा वर्षांत जेवढ्या लग्नांचं व्हिडिओ शूटिंग झालं, त्यांतली निम्म्याहून अधिक लग्नं हळदीपासून वरातीपर्यंत एक मिनिटही न गाळता पाहिलेला एकच माणूस माझ्या माहितीत आहे, आणि एक सोडलं तर त्यांतल्या एकाही लग्नाला तो हजर नव्हता. हे गृहस्थ माझे थोरले साडू. ज्या एका लग्नाला ते हजर होते ते माझं, आणि तिथून ते न जेवता निघून गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे कळायला आम्हा सगळ्यांना दहा वर्षं लागली.

साडू कर्जतच्या एका माध्यमिक शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. उंची बेताची, अंगात बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि शर्टाच्या खिशात तीन वस्तू: एक स्क्रू-ड्रायव्हर, एक ड्रॉपर आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली दहा रुपयांची एक कोरी करकरीत नोट. ही नोट खर्चायची नव्हती. व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारा भाग, मळला की पडद्यावर पट्टे येतात. ते पुसायला कोऱ्या नोटेसारखा कागद जगात नाही, असं साडूंचं मत होतं. एकदा माझ्या मेव्हणीनं, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती नोट नजरचुकीनं दूधवाल्याला दिली. साडूंनी सायकल काढली, दूधवाल्याला मिरजगावच्या रस्त्यावर गाठलं आणि एक-एकच्या दहा नोटा देऊन आपली नोट सोडवून आणली. दूधवाल्यानं नोट उलटसुलट करून पाहिली होती. "मास्तर, हिच्यावर काय लिव्हलेलं हाय का?" त्यानं विचारलं. "न्हाई," साडू म्हणाले, "तेच तर."

तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. आधीच्या काळात ज्यांनी हौसेनं लग्नाच्या कॅसेट काढून घेतल्या होत्या, त्यांच्या कॅसेटींना आता बुरशी धरत होती. कुणी ती लग्नाच्या शालूबरोबर पेटीत ठेवलेली असे, कुणी ज्वारीच्या कोठीत, कुणी देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, आणि ठेवणाऱ्या प्रत्येकाला आपली जागा सगळ्यांत सुरक्षित वाटत असे. त्याच सुमारास व्हिडिओ सीडी आल्या. पुण्यात कॅसेटची सीडी करून देणारी दुकानं निघाली, पण तिथला दर ऐकून आलेला माणूस यापेक्षा लग्न पुन्हा लावलेलं परवडेल असं सांगत असे. साडूंनी हा प्रश्न मनावर घेतला. पुण्याच्या जुन्या बाजारातून एक वापरलेला संगणक आणला, त्यात टेपचं चित्र उतरवून घेणारं एक कार्ड बसवलं आणि सीडी लिहिणारं यंत्र नगरच्या एका झेरॉक्सवाल्याबरोबर भागीत घेतलं. यंत्र पंधरा दिवस नगरला राही, पंधरा दिवस कर्जतला. ते एसटीनं जात-येत असे, उशीच्या अभ्र्यात, साडूंच्या मांडीवर. एका कंडक्टरनं विचारलं, "काय हाय वो एवढं कवटाळून?" साडूंनी उत्तर दिलं, "लग्नं हायेत."

लोकांकडून ते दोनच गोष्टी मागत. एका कॅसेटला कोऱ्या तीन सीडी, कारण एका सीडीवर तासाभराहून थोडंच जास्त मावतं, आणि घरचं एक माणूस. हे माणूस काम करायला नको होतं, नुसतं बसायला हवं होतं. "जुनी टेप कवा तुटंल, त्याचा नेम न्हाई," ते सांगत. "तुटलीच तर तुटायच्या आधी घरच्या कुनीतरी शेवटचं पाह्यलेलं असावं." कॅसेट तीन तासांची असली की ती उतरवायला तीनच तास लागतात. त्यात घाई करायची सोय नसते. त्यामुळे घरचं माणूस तीन तास बसे आणि साडूही बसत. साखर कारखान्यातला एक क्लार्क स्वतःच्याच हळदीत झोपी गेला. साडूंनी यंत्र थांबवलं, त्याला हलवून उठवलं आणि म्हणाले, "उठा, तुमच्या आत्याबाई आल्यात." त्याची आत्या वारून चार वर्षं झाली होती. तो नंतर झोपला नाही.

पण लोकांच्या चेष्टेचा विषय होता तो त्यांचं शेवटपर्यंत बसणं. लग्न संपे, वरात निघून जाई, फुलांच्या चौकटीत आभाराची पाटी येई, घरचं माणूस चपला शोधू लागे, तरी साडू उठत नसत. त्यानंतर पडद्यावर नुसत्या मुंग्या येतात, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ती खरखर. साडू हाताची घडी घालून त्या मुंग्यांकडे पाहत बसत, टेप खटकन थांबेपर्यंत. का, असं विचारलं तर म्हणत, "अजून टेप संपली न्हाई." शाळेत मुलांनी त्यांना मुंग्यावाले मास्तर असं नाव पाडलं होतं. ते त्यांना माहीत होतं. त्यांना त्यात चूक काही दिसत नव्हती.

प्रत्येक कॅसेटची ते नोंद ठेवत. त्यासाठी शाळेतल्या विज्ञानाच्या प्रयोगवह्या वापरत आणि रकानेही तेच ठेवत: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. मी जिल्हा वार्तापत्रं लिहिण्यात नोकरी घालवली, पण एवढ्या कमी शब्दांत एवढी बातमी मला कधी साधली नाही. एका पानावर होतं: "निरीक्षण: वराचे चुलते तीन वेळा उठून गेले, दोन वेळा परत आले. अनुमान: टोपी-टॉवेल कमी पडले." दुसऱ्यावर: "निरीक्षण: दुपारी दीडपासून कॅमेरा फक्त आचाऱ्याकडे. अनुमान: कॅमेरामन उपाशी." या वह्यांमुळे साडू हळूहळू दोन तालुक्यांचे साक्षीदार बनले. अमुक मामानं आहेर दिला की नाही, तमुक विहीण खरंच रडली की नाही, असे वाद त्यांच्याकडे येऊ लागले. ते वही उघडत, पान शोधत आणि वेळेसकट सांगत: "एक तास बावीस मिनिटांनी डोळे पुसले. पन घाम हुता."

सीडी लिहिण्याचं काम याहून नाजूक होतं. यंत्र लिहीत असताना वीज जरा दबली की सीडी वाया जाई, आणि साडूंच्या घराला लागूनच पिठाची गिरणी होती. गिरणी सुरू झाली की अख्ख्या गल्लीचे दिवे डोळे मिचकावत. साडूंनी गिरणीवाल्याशी एक तह केला. यंत्र लिहू लागलं की साडू गच्चीच्या कठड्यावर लाल फडकं टाकत, आणि फडकं असेपर्यंत गिरणी बंद राही. दळण घेऊन आलेल्या बायका डबे ठेवून पायरीवर बसत. "आज कुनाचं लगीन अडकलंय गं?" एक विचारी. दुसरी माहिती काढून आणी. मग त्या घराण्याचा सगळा इतिहास बाजरीच्या डब्यांवर बसून निघे, आणि फडकं उतरलं तरी कुणी उठत नसे. घरातही त्या वेळेत चालायचं नाही, दार आपटायचं नाही, कुकर लावायचा नाही. अक्का म्हणे, "लोकांच्या लग्नापायी माझ्या घरात सुतक असतं."

एवढं करूनही सीड्या फसत. त्या टाकून देणं साडूंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी त्या एका ओळखीच्या बागाईतदाराला डाळिंबाच्या झाडांना टांगायला दिल्या. पाखरं येत नाहीत, अशी त्याची खात्री पटली. त्या बागेवरून बस गेली की उन्हात शेकडो तबकड्या लखलखत. साडू खिडकीतून बोट दाखवून सांगत, "ती कडंची हाय ना, ती हेडमास्तरांच्या मेव्हनीची हळद."

आता जेवणाचं. साडू सासुरवाडीला जेवत नसत. आमची सासुरवाडी काष्टी. दोन्ही जावई सणावाराला तिथं जमत, आणि साडू कर्जतहून येताना स्वतःचा डबा आणत. डबा अक्काच भरून देई. मग ती आत आईच्या पंगतीत बसे आणि हे बाहेर ओट्यावर डबा उघडत. विचारलं तर पथ्य आहे म्हणत. काष्टीचं पाणी बाधतं, असं कारण ते देत, पण त्याच पाण्याचा चहा दिवसातून चार वेळा घेत. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. माझं लग्न काष्टीलाच, शाळेच्या पटांगणात, संध्याकाळच्या मुहूर्तावर झालं. शेवटी घरच्यांची पंगत बसायच्या वेळेला जनरेटर कुरकुरू लागला. यंत्रातलं कळणारा माणूस एकच होता, म्हणून थोरले जावई शाळेच्या मागे जनरेटरपाशी जाऊन बसले. तासाभरानं हात तेलानं माखलेले असे ते परत आले तेव्हा पंगत उठली होती आणि आचारी पातेली घासत होते. त्यांनी हात धुतले आणि कर्जतची शेवटची गाडी पकडली. थोरल्या जावयाला सासऱ्यांनी जेवायला हाक मारली नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात बसली ती बसलीच.

सासऱ्यांच्या बाजूनं एक सांगायला हवं. ते काष्टीच्या बैलबाजारात दलाल होते. तिथं सौदा रुमालाखाली बोटांनी होतो. भाव तोंडानं बोलायचा नसतो. आयुष्यभर बोटांनी बोललेल्या त्या माणसाला घरातही शब्दांची फारशी गरज वाटत नसे. साडूंचा राग त्यांना कळला होता की नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. माझ्या लग्नानंतर पाच वर्षांनी ते गेले. मागे एक फोटो उरला, आणि माझ्या लग्नाची कॅसेट.

ती कॅसेट साडूंनी सगळ्यात आधी उतरवली आणि सीडी, सीडी वाजवणारं यंत्र, वायरी असं सगळं पिशवीत घालून काष्टीला आणलं. सासूबाईंना समोर बसवलं. साधारण चाळीस मिनिटांनी सासरे पडद्यावर आले. पांढरा पटका, खांद्यावर रुमाल. ते कुणालातरी काही सांगत होते, आणि त्यांच्या हलत्या ओठांमधून एका सिनेमातल्या बाईचं गाणं बाहेर येत होतं. त्या काळात लग्नाच्या कॅसेटवर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी चढवत आणि मूळ आवाज पुसून टाकत. त्यालाच मिक्सिंग म्हणत आणि त्याचे वेगळे पैसे पडत. मुलं हसली. सासूबाईही थोड्या हसल्या. मग म्हणाल्या, "आवो पाव्हनं, ह्यांचा आवाज न्हाई का ह्यात?"

"न्हाई, मामी. गान्याखाली गेला."

"कसा हुता, ते मला आता आठवंना झालंय," त्या म्हणाल्या. "एक डाव ऐकाया मिळाला अस्ता तर बरं झालं अस्तं. पुन्यांदा काय मागितलं नस्तं म्या."

त्या एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. साडू वायरी गुंडाळत होते. त्यांनी एक वायर तीनदा गुंडाळली आणि तीनदा सोडली.

दुसऱ्या दिवशी ते शूटिंग करणाऱ्या फोटोग्राफरकडे गेले. त्यांच्याबरोबर मीही होतो. कॅमेऱ्यातली मूळ टेप कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. फोटोग्राफरनं सांगितलं की मूळ टेप कोण ठेवतंय, मिक्सिंग झालं की तीच टेप पुढच्या लग्नाला वापरायची. "पार चाळन हुईस्तोवर वापरायचो, मास्तर."

"आन् मग?"

"मग काय. ज्यांना मिक्सिंग परवडत न्हव्हतं, त्यांना तीच काढून द्यायचो. कच्ची."

"कुनाकुनाला दिली?"

"धा वर्सं झाली, मास्तर. मला माझ्या लग्नाला कोन आलं ते आठवत न्हाई."

परत येताना साडूंनी बसमध्ये तिकिटाच्या मागं दोन रेघा ओढल्या, एक लांब, एक आखूड. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साडूभाऊ, पुढचं लगीन जेवढं लांब, तेवढंच मागचं पुसतं. हाय का न्हाई?" मी हो म्हणालो. पुढचं लग्न आटोपशीर असेल तर मागच्या लग्नाचं शेपूट टेपवर तसंच राहणार. मुंग्यांच्या पुढे. आणि आमच्या लग्नातली जेवणं तर दुसऱ्या टेपवर, सगळ्यात शेवटी होती.

त्यानंतर साडूंनी दर बदलला. गाणी न चढवलेली कॅसेट आणणाऱ्याला कोऱ्या सीड्याही आणाव्या लागत नसत, त्या साडू घालत. घरचं माणूस मात्र लागेच. लोकांना संशय आला. कच्च्या कॅसेटीत चांदी असते, अशी आवई काष्टीच्या बाजारात उठली आणि एका माणसानं दोन कॅसेट फोडूनही पाहिल्या. ज्यांना मिक्सिंग परवडलं नव्हतं ती माणसं एकेक करून येऊ लागली: ऊसतोडीला जाणारी, विटभट्टीवरची, एक हमाल, एक अंगणवाडीताई. दहा वर्षं कुणी फारशी न विचारलेली त्यांची लग्नं साडूंच्या खोलीत मान मिळवून गेली. गाणी नसल्यामुळे ती लग्नं ऐकायलाही येत. कोण कुणाला ओरडलं, कोण कुणाच्या कानात काय म्हणालं, सगळं. साडू म्हणत, "पैशेवाल्यांची लग्नं मुकी हायेत. बोलती लग्नं सगळी ह्यांचीच."

मुंग्यांच्या पुढे त्यांना बरंच सापडलं. अर्धा सत्यनारायण, एका शाळेचं स्नेहसंमेलन, विहिरीला पाणी लागल्याचा नारळ. अशा शेपटांसाठी त्यांनी वेगळी वही घातली. असे सात महिने गेले. काष्टीच्या लग्नाचा पत्ता नव्हता. सासूबाईंनी पुन्हा विचारलं नाही. साडू ओट्यावर डबा खात, त्या आतून पाहत.

उन्हाळ्यात कर्जत तालुक्यातल्याच एका गावचे पोस्टमन आले. बौद्ध घरातले, टापटिपीचे, कॅसेट वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. त्यांचं लग्न समाजमंदिरात झालं होतं. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, दोघांनी हार घातले, दोन माणसं मोजकं बोलली, मंडळी जेवायला उठली. सगळं मिळून अडतीस मिनिटं. साडूंनी वहीत लिहिलं: "निरीक्षण: पत्रिकेतल्या वेळेला लागलेले आजवरचे पहिले लग्न." मग मुंग्या आल्या. साडू हाताची घडी घालून बसले. आश्चर्य हे की पोस्टमनही उठले नाहीत.

"बसा, मास्तर," ते म्हणाले. "आता आमचे आजोबा येतील."

"तुमचे?"

"आमचे म्हंजे टेपमधले. आमच्यानंतर कुनाचं तरी जेवान हाय ह्यात. दहा वर्सं बघतोय. पोरांना लई आवडतात. आमच्या घरात मी टपाल वाटून यायला उशीर झाला की पोरं ताटावर बसून त्यांच्यासारखं बोलत्यात." त्यांनी आवाज जाड करून ते वाक्य म्हणून दाखवलं. त्यांचं म्हणून होतंय तोच मुंग्या सरल्या, आणि पडद्यावर काष्टीच्या शाळेचं पटांगण आलं.

हा सगळा प्रसंग साडूंनी मला दोन दिवसांनी सांगितला. ते दोन दिवस त्यांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. अक्काला वाटलं, यंत्र बिघडलं.

शनिवारी ते काष्टीला आले. बाजाराचा दिवस होता. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज चालू होता, म्हणून अक्कानं दार लावून घेतलं. साडूंनी वायरी जोडल्या. पडद्यावर पंगत दिसली, पानं वाढलेली, आणि पंगतीच्या टोकाला सासरे उभे. त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली.

"थोरलं पाव्हनं कुटं हायेत?"

कुणीतरी म्हणालं, "जनरेटरपाशी हायेत, आबा."

"मग बोलवा. ते बसल्याबिगर ताट हलवायचं न्हाई कुनी."

आणि दिवे गेले. पडदा काळा झाला. सीडी तिथंच संपत होती.

सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा लावा." साडूंनी लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडले आणि म्हणाल्या, "एवढं बोलले व्हय त्या दिशी? मला वर्साकाठी एवढं बोलत न्हवते." पदरानं तोंड पुसून त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. त्या ताट घेऊन बाहेर आल्या. बाजरीची भाकरी, येसराची आमटी, कांदा. ताट त्यांनी साडूंच्या पुढ्यात ठेवलं.

"मामी, मला पथ्य..."

"त्यांनी काय सांगितलं ते ऐकलं न्हवं तुमी?" सासूबाई म्हणाल्या. "आमी थांबलोय."

आम्ही सगळे खरोखर उभे होतो. साडूंनी एकदा पिशवीतल्या डब्याकडे पाहिलं, मग मांडी घातली. दुसरी भाकरी त्यांनी मागून घेतली. डबा संध्याकाळी जसाच्या तसा कर्जतला परत गेला.

पुढच्या वर्षी मी आमच्या रविवारच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहायचं ठरवलं. मजकूर सोपा होता: गरिबांच्या लग्नांना सीडीवर आणणारा माणूस. मी वह्या मागितल्या. त्यांनी सगळ्या दिल्या, शेपटांचीसुद्धा. पोस्टमनच्या कॅसेटचं पान मी शेवटी वाचलं. अक्षर नेहमीसारखं, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचं; मामा म्हणजे आमचे सासरे. ते असं होतं: "निरीक्षण: मामांनी चौकशी केली. दिवे गेल्यावर टेप अंधारात पुढे सात सेकंद चालू. मामांचा आवाज: 'जातंय का कुनी?' उत्तर: 'सांगतो, मामा.' उत्तर नवरदेवाचे. तोंडात घास. कोणी उठल्याचा आवाज नाही. कॅसेटमालकाच्या मुलांना दोन्ही वाक्ये पाठ आहेत. सीडी करताना हे सात सेकंद घेतले नाहीत." खाली अनुमानाचा रकाना होता. तो कोरा होता. त्यांच्या सगळ्या वह्यांत कोरा राहिलेला तो एकच रकाना.

मला त्या अंधारातलं काही आठवत नाही. निरोप पोचवणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि तो एक मी पोचवला नाही, हे दुसऱ्याच्या अक्षरात वाचावं लागलं. ते पान वहीत राहिलंय हे ते विसरले होते की त्यांनी मला ते वाचू द्यायचं ठरवलं होतं, याची खातरजमा मी केली नाही. वह्या परत करायला गेलो तेव्हा ते कुणाच्यातरी हळदीपुढे बसले होते. मी म्हणालो, "दाजी, ते शेवटचं पान वाचलं." पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "हां. त्या टेपला बुरशी लई हुती." पुरवणीतला लेख मी लिहिला नाही.

आता काष्टीला पंगत बसली की साडू हमखास कुठंतरी गुंतलेले असतात. कधी पंख्याचं रेग्युलेटर, कधी शेजाऱ्याचा टीव्ही. पानं वाढली जातात, मुलं चुळबुळतात. सासूबाई माझ्याकडे पाहत नाहीत, पण मी उठतो. ते सापडतात तिथं, गुडघ्यावर, तोंडात स्क्रू धरलेला, आणि म्हणतात, "तुमी कशाला उठलात, साडूभाऊ? कुनाला तरी सांगायचं." मी तिथं उभा राहतो. ते स्क्रू बसवतात, हात धुतात, खिशातली नोट जागेवर आहे का ते चाचपून पाहतात, आणि मग आम्ही दोघं बरोबर आत येतो.